चिखल कलापथक, राहाता

२२ जून १९९७, रविवार

ज्या माणसाने चाळीस वर्षांपूर्वी आपली हलगी विहिरीत टाकली, त्याच्या नातीने ड्रम वाजवायला बसावं का? सकाळपासून मी हा प्रश्न स्वतःला विचारते आहे आणि मला उत्तर येत नाही. बी.ए.च्या पेपरात आला असता तर दोन्ही बाजू मांडून शेवटी 'थोडक्यात' असं लिहून मोकळी झाले असते. स्वतःच्या वहीत तसं करता येत नाही.

आबा म्हणजे माझे आजोबा, सहादेव. त्यांच्या तरुणपणी गावात कुणाचंही लग्न असो की मयत, हलगी घेऊन पुढे चालायचं काम आमच्या घराकडे. नाही म्हणायची सोय नव्हती. जेवण शेवटी, तेही लांब बसून. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आबांनी ते काम सोडलं. तेव्हापासून आमच्या घरात कातड्याचं वाद्य येत नाही. दादा (माझे वडील) भीमगीतांच्या गायन पार्टीत पेटी वाजवतात, ती चालते. पार्टीचा ढोलकीवाला अस्तगावचा आहे. तो आमच्याकडे चहाला येतो तेव्हा ढोलकी बाहेर सायकलवरच बांधून ठेवतो.

आणि आता चेतन मला ड्रम वाजव म्हणतो आहे. चेतन आमच्याच गल्लीतला. पुण्याला पॉलिटेक्निकला गेला, दोन वर्षांनी डिप्लोमाऐवजी इलेक्ट्रिक गिटार आणि एक कॅसेट घेऊन परत आला. शिकवणीच्या पोरांना गप्प करायला मी डालड्याचा डबा बडवते, तो त्याने रस्त्यावरून ऐकला. म्हणाला, तुझा हात सरळ पडतो.

मी विचार करते म्हणाले.

२५ जून, बुधवार

चेतनने कॅसेट ऐकवली. तीन माणसं एकाच वेळी भांडत आहेत आणि मागे कुणीतरी पत्रे उतरवत आहे, असं वाटलं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं की ते भांडत नाहीत, एकाच बाजूने ओरडत आहेत. हे मला आवडलं.

त्याने सांगितलं, याला पंक म्हणतात. मी घरी येऊन शब्दकोश काढला. पंक म्हणजे चिखल. मग मला राहवेना. चिखलातूनच कमळ येतं म्हणून ते पंकज. ज्यांना जगाने चिखल मानलं त्यांचं संगीत! दोन पानं लिहून काढली आणि संध्याकाळी चेतनला वाचून दाखवली. आपल्या बँडचं नाव 'पंकज' ठेवावं असंही सुचवलं.

तो इतका हसला की गिटारची तार तुटली. पंक हा इंग्रजी शब्द आहे म्हणे, अर्थ साधारण 'वाया गेलेला'. मी म्हटलं, मग अर्थ फार लांब गेलेला नाही. त्यावर तो नवी तार चढवायला लागला. शेवटी नाव 'चिखल' ठरलं.

म्हणजे मी हो म्हणाले असं दिसतं.

६ जुलै, रविवार

तालमीची जागा मिळाली. बाजारतळामागची छगनमामांची पिठाची गिरणी. गिरणी चालू असली की आमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही आणि आम्ही चालू असलो की गिरणीचा. छगनमामा म्हणाले, "तसंबी मला डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. तुमी डावीकडं बसा."

कोपरगावच्या एका बंद पडलेल्या बँड पार्टीचं सामान चेतनने आणलं. मोठा ढोल, दोन साईड ड्रम आणि तडा गेलेली एक झांज. ढोल पायाने वाजवायचा असतो. त्यासाठी छगनमामांनी जुन्या शिलाई मशीनचं पायडल जोडून दिलं. ड्रमवर ताणलेली सगळी पानं मी बोट लावून तपासली. सगळी प्लास्टिकची आहेत, कातडं नाही. घरी तसंच सांगितलं. दादा म्हणाले, हे वकिली उत्तर झालं. आबा उठून अंगणात गेले.

गायला ज्ञानेश्वरी आहे. माझ्याबरोबर कॉलेजला होती. तिच्या घरी भजनी मंडळ आहे. वडील पखवाज वाजवतात, दोन्ही भाऊ गातात, आणि हिला लहानपणापासून टाळ दिला आहे. ती म्हणते, वीस वर्षं टाळ वाजवला, आता मला ओरडायचंय. आमचं पहिलं गाणं तिनेच लिहिलं. 'लाईट गेली, लाईट गेली, आली आली, परत गेली.' एवढंच आहे. चेतन म्हणतो, एवढंच पुरतं.

निघताना तिघंही पिठाने पांढरे. आईने दारातच झटकलं.

२० जुलै, रविवार

रोज पाच ते सहा घरामागे डब्यांवर सराव करते. गिरणीत ड्रमवर तासभरच मिळतो, तोही लाईट असली तर. उजवा हात ऐकतो, डावा ऐकतो, पण दोघं एकमेकांचं ऐकत नाहीत.

आबांना खोकला झाला आहे. कोरडा आहे, एकेकच येतो. दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले छाती स्वच्छ आहे. मी अडुळशाचं औषध आणलं. दोन चमचे देते, ते तोंड वाकडं करून घेतात. विचित्र म्हणजे सकाळी खोकला नसतो, रात्री नसतो. संध्याकाळी पाच-सहालाच येतो. हवेत त्या वेळी काहीतरी बदल होत असावा.

३ ऑगस्ट, रविवार

सराव करून उठले तर आबा मागच्या दारात उभे. म्हणाले, "घाई करतीस."

मी म्हटलं, बी.एड.चा फॉर्म भरायची मुदत पंधरा तारखेपर्यंतच आहे, घाई करावीच लागेल. ते आत गेले. वय झालं की माणसाला कशाचीच मुदत वाटत नाही.

औषध बदललं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

हे सगळं नीट लिहून ठेवते, कारण पुढे कुणी विश्वास ठेवणार नाही.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाचा कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होता. झेंडावंदन, लेझीम, भाषणं, मग आम्ही. चेतनने आमचं नाव नुसतं 'चिखल' असं दिलं होतं. गुरुजींना ते अपुरं वाटलं असणार. त्यांनी माईकवर सांगितलं, "आता सादर करीत आहेत चिखल कलापथक, राहाता. विषय, स्वच्छता."

ज्ञानेश्वरीने 'लाईट गेली' सुरू केलं. दुसऱ्या ओळीला खरंच लाईट गेली. गिटार बंद, माईक बंद. चेतन नुसता हात हलवत उभा. माझे हात मात्र थांबले नाहीत. खरं तर थांबायचं कसं हे मला अजून शिकवलेलं नव्हतं. ज्ञानेश्वरी माईक टाकून उघड्या गळ्याने ओरडायला लागली आणि मैदानात फक्त तिचा आवाज आणि माझे ड्रम. लोकांना वाटलं, हे गाण्यातच आहे. 'परत गेली' आलं की पाच-सहाशे माणसं आमच्याबरोबर ओरडत होती. लेझीमच्या मुलींनी लेझीम वाजवायला सुरुवात केली.

आम्ही बहुतेक बारा मिनिटं वाजवलं. गाणं दोन मिनिटांचं आहे.

दादा पुढच्या रांगेत होते, त्यांनी शेजाऱ्याला तीनदा सांगितलं, ही आमची बी.ए. आबा आले नाहीत. आई म्हणाली, ते पेरू आणायला गेले होते, शाळेच्या भिंतीपलीकडच्या गाडीवर. दोन तासांनी परत आले. पेरू आणायचे विसरले.

१७ ऑगस्ट, रविवार

रस्त्यात लहान मुली मला पाहून हवेत हात मारतात. आज एक सायकलवरून ओरडली, "ओ लाईट गेली!" समाज बदलतो. फक्त कुणालातरी आधी वाजवावं लागतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

तीन महिने वहीला हात लावला नाही. बी.एड.ला नंबर लागला नाही. शिकवणीला अठरा मुली झाल्या, त्यातल्या चार डब्यांसाठीच येतात. श्रीरामपूरला एका कॉलेजात वाजवलं, तिथे लाईट गेली नाही, त्यामुळे तेवढं रंगलं नाही.

पण आजची गोष्ट लिहिलीच पाहिजे. आज आमच्या घरी कानिफनाथ अण्णा आले.

अण्णा म्हणजे गावातलं मोठं घर. पेरूच्या बागा, ट्रॅक्टर, साखर कारखान्याचे संचालक. दादा त्याच कारखान्यात आठ वर्षं हंगामी आहेत. असा माणूस आमच्या दारात चप्पल काढून आत आला, खाली सतरंजीवर बसला आणि आईच्या हातचा चहा प्यायला. चार डिसेंबरला त्यांच्या मुलाचं, आदिनाथचं, लग्न आहे. पंधरा ऑगस्टला त्यांनी मला ऐकलं होतं. म्हणाले, "पोरीचा हात म्हंजी हात हाय. घरचंच हाय म्हना. तुमच्या आबानं माझ्या बापाच्या लग्नात वाजवली हुती. लोक अजून नाव काढत्यात."

मग त्यांनी खिशातून एक सुपारी काढून माझ्या हातात दिली. "चार तारखेला यायचं. न्हाई म्हनायचं न्हाई."

मी दोन्ही हातांनी घेतली. माझे डोळे भरून आले, ते मी लपवलं. अक्षत-सुपारी देऊन लग्नाचं आवतन, त्या घराकडून या घराला! जिथे आबांना लांब बसवलं जायचं, तिथे त्यांच्या नातीला मानाने बोलावणं. पन्नास वर्षांचं स्वातंत्र्य ते हेच. मी म्हटलं, नक्की येऊ, सगळेच येऊ. अण्णा म्हणाले, सगळे आले तर अजून चांगलं.

ते गेल्यावर मी ती सुपारी अडकित्त्याने फोडली आणि आबांना छान पान लावून दिलं. त्यांनी पान हातात घेतलं, उघडून पाहिलं, परत घडी घालून खाली ठेवलं. इतका पानाचा शौकीन माणूस. खोकल्यामुळे असेल. उरलेली सुपारी मी आणि आईने खाल्ली.

दादा आज लवकर झोपायला गेले. पेटीही काढली नाही. अण्णांसारखा माणूस घरी आल्याचं दडपण आलं असणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मी मूर्ख आहे. बी.ए., द्वितीय श्रेणी, आणि मूर्ख.

गिरणीत गेल्या गेल्या छगनमामा म्हणाले, "वरातीची सुपारी घेतलीस म्हनं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ड्रम बसवायला फळ्या ठोकायला सांगितल्यात मला."

मी म्हटलं, सुपारी आवतनाची होती. छगनमामांनी गिरणीचा पट्टा थांबवला. एवढ्या दिवसांत त्यांनी आमच्यासाठी पट्टा कधी थांबवला नव्हता. म्हणाले, आवतनाला घरात पत्रिका देत्यात. अक्षता होत्या का? नव्हत्या. पत्रिका होती का? नव्हती. नुसती सुपारी वाजवणाऱ्याला देत्यात. घेतली म्हंजी कबूल.

चेतन म्हणाला, चिखल कुणाच्या वरातीत वाजवणार नाही, तत्त्वाचा प्रश्न आहे. ज्ञानेश्वरी त्याच्यावर उखडली. तिचे वडील सुपारी घेऊन लोकांच्या घरी भजनाला जातात, त्यात काय कमीपणा आहे? वाजवणं हे काम आहे आणि कामाचं बोलावणं आलं तर ते वाईट कसं? तिचं बोलणं मला खोडून काढता येईना. मी एवढंच म्हटलं, तुझ्या बाबांना आत बसवतात.

ती माझ्या केसांतलं पीठ झटकायला लागली.

मला राग अण्णांचा येत नाही, हेच अवघड आहे. ते वाईट बोललेच नाहीत. कौतुक करायला आले आणि जे जसं होतं तसंच पुढे चालू आहे असं त्यांना मनापासून वाटलं. मी वाजवलं तर गाव म्हणेल, बघा, आलीच शेवटी. नाही वाजवलं तर म्हणेल, शिकली आणि माजली. शिवाय दादांची नोकरी. शिवाय सुपारी मी खाल्ली आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. म्हणाले, "मला त्याच दिशी कळलं."

मग तुम्ही बोलला का नाहीत?

"तू लई खूश हुतीस."

थोड्या वेळाने स्वतःहून बोलायला लागले. आबा इतकं बोललेले मी ऐकले नव्हते. हलगी विहिरीत टाकली ही गोष्ट सगळे सांगतात, पण टाकायला काही लागत नाही म्हणाले. हात पुढे केला की पडते. अवघड वेगळंच होतं. दीक्षा घेतली त्याच्या आधी अण्णांच्या आत्याच्या लग्नाची सुपारी घेऊन ठेवली होती. ती परत करायची होती. गावात तोवर कुणी सुपारी परत केली नव्हती, कशी करतात हेही माहीत नव्हतं. तीन दिवस कनवटीला बांधून हिंडले. चौथ्या दिवशी गेले आणि देऊन आले.

मी विचारलं, हलगीची आठवण येते का?

म्हणाले, न्हाई. मग म्हणाले, "तिला जाळावर शेकायची आठवन येते. थंडीत."

दादा पेटी पुसत होते. मी त्यांना त्यांच्या नोकरीचं विचारलं. म्हणाले, "आठ वर्षं कायम केलं नाही. आता तुझ्या ड्रममुळे राहिलं, असं म्हणायला तरी मिळेल."

आबांनी एकच सूचना केली. सुपारी नवीन आणशील ती त्यांच्या सुपारीपेक्षा लहान नको.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर नुसता विचार. दुकानातून तीन सुपाऱ्या आणल्या, त्यातली मोठी निवडली. आज सराव केला नाही. आबांना खोकला अजिबात नव्हता. औषध लागू पडलं बहुतेक.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळीच जाऊन आले. कुणाला सांगितलं नाही, बरोबर कुणाला नेलं नाही. चेतनला नेलं असतं तर त्याने तत्त्व सांगितलं असतं.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. लग्नघर असल्यामुळे मांडवाचे बांबू येऊन पडले होते. मला पाहून म्हणाले, ये ये, ट्रॉली तयार हाय. मी सगळं पाठ करून गेले होते, समता वगैरे. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. मी म्हटलं, अण्णा, माझी चूक झाली, मला वाटलं लग्नाचं आवतन आहे. वाजवायची सुपारी असेल तर ती मला नको. आणि सुपारी पुढे केली.

त्यांनी हात पुढे केला नाही. मीही मागे घेतला नाही. किती वेळ ते माहीत नाही. माझा हात अवघडला मात्र नाही. चार महिने डबे बडवल्याचा उपयोग.

मग अण्णांनी हात पुढे केला आणि मी ती त्यांच्या तळहातावर ठेवली. ते सुपारीकडे बघत म्हणाले, "मी नऊ वर्सांचा हुतो. अशीच एक सुपारी हितं ओट्यावर पडली हुती. आठ दिस कुनी उचलंना. आमची आजी झाडताना तिच्या भवतीनं झाडायची."

मी जे खरं ते बोलले. आवतन असेल तर आम्ही चौघं जेवायला येऊ, आबांच्या नावाने पत्रिका पाठवा.

"आन् मिरवनुकीला कोन वाजवल?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ते मला माहीत नाही.

ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. सुपारी खिशात टाकली आणि पेपर उचलला. पत्रिका येईल की नाही, सांगता येत नाही. दादांचं काय होईल, तेही नाही.

घरी आले तर आबा दारात बसलेले. त्यांना सांगावं लागलं नाही. एवढंच विचारलं, "कुठं ठिवलीस?"

हातात दिली म्हटलं.

"त्यानं हात पुढं केला?"

केला.

आबांनी रस्त्याकडे पाहिलं. "मी ओट्यावर ठिवली हुती," म्हणाले.

पाच वाजता मी मागे सरावाला गेले. डबे उचलले आणि का कोण जाणे, पुढच्या ओट्यावर आणून मांडले, रस्त्यासमोर, आबांच्या शेजारी. मांडून झाल्यावर मनात आलं की आधी विचारायला हवं होतं. पण मांडून झाले होते. येणारे जाणारे थांबून बघायला लागले. मी वाजवायला सुरुवात केली.

आबा एकदाच खोकले, माझा डावा हात घसरला तिथेच. मी थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.